शिवाजी पार्कचा कट्टा: बसण्याजोगा किती, बोलण्याजोगा किती

उपाहारगृहाविषयी लिहिताना चव, दर आणि स्वच्छता यांची चर्चा होते. सार्वजनिक मैदानाविषयी असे कोणी लिहीत नाही, कारण तिथे दाराशी पैसे मोजावे लागत नाहीत. तरीही मैदान ही नागरिकांना त्यांच्याच करातून मिळणारी सेवा आहे, आणि जी सेवा लाखो माणसे वापरतात तिची पारख व्हायलाच हवी. दादरच्या शिवाजी पार्कवर इतिहास, राजकारण आणि क्रिकेट या तिन्ही अंगांनी भरपूर लिहिले गेले आहे. या परीक्षणात मी ते फक्त आवाजाच्या अंगाने तपासणार आहे. शांतता मोजण्याचा माझा हेतू नाही, कारण शहराच्या मधोमध असलेल्या मैदानाकडून तपोवनाची अपेक्षा करणे वेडेपणाचे ठरेल. माझी कसोटी साधी आहे: दोन माणसांना शेजारी बसून नेहमीच्या आवाजात बोलता येते का, आणि येत नसेल तर त्या जागेवरून आधी कोण उठते.

जागा मुळात चांगली, हे प्रथम सांगितले पाहिजे. १९२५ साली माहीम पार्क म्हणून खुले झालेले आणि १९२७ साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने शिवाजी महाराजांचे नाव मिळालेले हे मैदान सुमारे २८ एकरांचे आहे. दाट वस्तीच्या मुंबईत हा आकार ऐषआरामाचा वाटावा असाच आहे. भोवती एक किलोमीटरहून थोडा अधिक लांबीचा बुटका कट्टा, कट्ट्यालगत झाडांच्या रांगा, पलीकडे १९३०-४०च्या दशकांतल्या आर्ट डेको घडणीच्या इमारती. या मूळ इमारती फार उंच नव्हत्या, हा तपशील आवाजाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. अरुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच भिंती असल्या की आवाज त्यांच्यात आपटत राहतो आणि साचतो. इथे मात्र एका बाजूला बेताच्या उंचीच्या इमारती आणि दुसऱ्या बाजूला मोकळे मैदान असल्यामुळे आवाजाला पसरून विरायला वाव मिळतो.

परंतु कट्टा सगळीकडे सारखा नाही, आणि नवख्या माणसाची पहिली चूक इथेच होते. पश्चिमेला स्वातंत्र्यवीर सावरकर मार्ग आहे, ज्याला जुनी माणसे अजूनही कॅडल रोड म्हणतात. माहीम आणि प्रभादेवी-वरळी यांच्यामधली बरीचशी वाहतूक याच रस्त्याने जाते. बस थांब्यावर थांबते, पुन्हा निघते. सिग्नल हिरवा होण्याच्या क्षणभर आधीच मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू होतात. या बाजूच्या कट्ट्यावर बसलेल्या दोघांचे संभाषण नीट ऐकले, तर त्यातली वाक्ये आखूड झालेली दिसतात. सामान्य बोलण्याचा आवाज एक मीटर अंतरावर साधारण ६० डेसिबल असतो. भोवतालचा आवाज त्याच्या वर गेला की माणसे नकळत आवाज चढवतात, मग एकमेकांच्या जवळ सरकतात, आणि अखेर बोलणेच कमी करतात. लांबलचक गोष्ट सांगण्याचा हुरूप इथे टिकत नाही. केळुसकर मार्गाच्या बाजूला आलात की हाच कट्टा वेगळी जागा वाटू लागतो. गाड्या इथेही असतात, पण त्या हळू जातात किंवा नुसत्या उभ्या असतात, आणि विषय संपेपर्यंत बोलता येते.

कट्ट्यावर रस्त्याकडे पाठ करून, मैदानाकडे तोंड करून बसले की बरे वाटते, असे पुष्कळ जण सांगतात. बरे वाटते हे खरे, पण कानांना पाठ नसते. आवाज तितकाच येतो, फक्त त्याचा उगम डोळ्यांसमोरून नाहीसा झाल्यामुळे मन त्याकडे कमी लक्ष देते. झाडांचेही तसेच आहे. एक-दोन ओळींत लावलेली झाडे रहदारीचा आवाज जवळजवळ अडवत नाहीत. त्यासाठी दाट झाडीचा चांगला रुंद पट्टा लागतो. मात्र ती रस्ता झाकतात, सावली देतात आणि संध्याकाळी कावळ्या-साळुंक्यांचा स्वतःचा गलका पुरवतात, आणि या तिन्ही गोष्टींमुळे हॉर्न थोडा सुसह्य होतो. आवाज खरोखर अडवायचा तर उगम आणि कान यांच्यामधली सरळ रेषा तोडणारी भिंत लागते. अशा भिंतीने साधारण पाच डेसिबलचा फरक पडतो. शिवाजी पार्कचा कट्टा त्या कामाचा नाही, कारण तो बसण्यासाठी आहे आणि बसलेल्या माणसाचे डोके त्याच्या बरेच वर येते. तिथे उंच भिंत बांधावी असे मी चुकूनही सुचवणार नाही. रस्त्यावरून मैदान दिसणे आणि मैदानातून रस्ता दिसणे हाच तर या जागेचा मोकळेपणा आहे, आणि तिन्हीसांजेनंतर एकट्या बसलेल्या मुलीला सुरक्षित वाटण्याचे कारणही.

अंतर हा उपाय मात्र चोख आहे. वाहत्या रहदारीसारख्या लांबट उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण तीन डेसिबलने उतरतो. म्हणजे रस्त्यापासून १० मीटरवर जो आवाज असेल तो ८० मीटरवर सुमारे नऊ डेसिबलने कमी झालेला असतो, आणि दहा डेसिबलची घट माणसाला आवाज निम्मा झाल्यासारखी जाणवते. डांबरापेक्षा माती आवाज थोडा अधिक शोषून घेते, तो लाभ वेगळा. त्यामुळे मैदानाच्या मध्यभागी रहदारी निव्वळ पार्श्वभूमी होऊन जाते आणि तिथे मैदानाचे स्वतःचे आवाज ऐकू येतात: नेटमध्ये बॅटवर बसलेल्या चेंडूचा टक्क आवाज, ‘घे, घे, घे’ अशी हाक, प्रशिक्षकाची खरमरीत सूचना, समर्थ व्यायाम मंदिराच्या आवारात मल्लखांबावर चढलेल्या मुलांना दिलेले आकडे. रमाकांत आचरेकरांनी याच मैदानात मुले घडवली. ती सगळी शिकवण तोंडी होती, आणि दुरून दिलेली सूचना मुलाच्या कानापर्यंत पोहोचत होती, ही साधी गोष्ट आपण विसरतो. ज्या मैदानात गुरूला कर्ण्याशिवाय शिकवता येत नाही, ते मैदान खेळासाठी अर्धे निकामी झाले म्हणायचे.

अडचण अशी की मधला भाग खेळाडूंचा आहे आणि बसायची सोय कडेला आहे. म्हणजे ज्यांना शांततेची सर्वांत कमी गरज आहे ते सर्वांत शांत ठिकाणी, आणि ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे ते रस्त्याला खेटून. ही रचना कोणी दुष्टपणे केलेली नाही. शंभर वर्षांपूर्वी कडेच्या रस्त्यावर आजच्यासारखी वाहतूकच नव्हती.

सर्वाधिक गरज कोणाला, याचे उत्तर संध्याकाळी कट्ट्यावरच मिळते. वय वाढले की फक्त ऐकू कमी येते असे नाही. गोंगाटातून बोलण्याचे शब्द वेगळे काढण्याची क्षमता आधी क्षीण होते. घरात व्यवस्थित ऐकणारे आजोबा हॉर्नच्या गदारोळात ‘काय म्हणालात?’ असे दुसऱ्यांदा विचारायला संकोचतात, मग नुसती मान हलवतात, आणि काही दिवसांनी येईनासे होतात. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांची कुचंबणा त्याहून मोठी, कारण यंत्र मित्राच्या आवाजाबरोबर बसचा आवाजही मोठा करते. आजोबा येईनासे झाले की घरचे लोक गुडघ्यांना दोष देतात. गुडघे दुखतही असतील, परंतु ज्या घोळक्यातले विनोद ऐकू येत नाहीत त्या घोळक्यासाठी दुखऱ्या गुडघ्यांनी कोण चालत येणार? तरुणांना त्याच जागेत आवाजाचा एवढा त्रास होत नाही, जोडप्यांना तर तो आडोशासारखा उपयोगी पडतो. त्यामुळे गर्दी तेवढीच दिसते आणि जागा उत्तम चालली आहे असा समज होतो. कोण येतो हे डोळ्यांना दिसते, कोण येईनासा झाला हे दिसत नाही.

गोंगाटाने माणसे नुसती कंटाळत नाहीत, एकमेकांशी वागायचीही बदलतात. अमेरिकेत मॅथ्यूज आणि कॅनन या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. हाताला प्लास्टर घातलेल्या माणसाच्या हातून रस्त्यावर पुस्तके पडतात. आसपास शांत असताना ८० टक्के वाटसरूंनी त्याला मदत केली, आणि शेजारी गवत कापण्याचे यंत्र घरघरत असताना फक्त १५ टक्क्यांनी. प्लास्टर त्यांना दिसत नव्हते अशातला भाग नाही. गोंगाटात माणूस आपली वाट पटकन संपवू पाहतो आणि आजूबाजूचे बारकावे टिपेनासा होतो. डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन रस्त्यांचा अभ्यास करून दाखवले की कमी वाहतुकीच्या रस्त्यावर राहणाऱ्यांना त्याच रस्त्यावरचे जे मित्र होते, त्यांची संख्या जास्त वाहतुकीच्या रस्त्यावर राहणाऱ्यांच्या तुलनेत तिपटीच्या घरात होती. त्यात आवाजाबरोबर धोका आणि धूरही होताच. पण सावरकर मार्गाकडची बाजू आणि केळुसकर मार्गाकडची बाजू यांवरचे घोळके पाहिले की तो अभ्यास दादरला लागू पडतो असे वाटल्यावाचून राहत नाही: एकीकडे माणसे बसची किंवा कोणाची तरी वाट पाहत बसलेली, दुसरीकडे रोजच्या ठरलेल्या जागी ठरलेली मंडळी.

कायद्याच्या अंगाने पाहिले तर हे मैदान भाग्यवान आणि दुर्दैवी दोन्ही आहे. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २०००च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल अशी मर्यादा आहे. दिवस म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा. शिवाजी पार्कच्या रहिवाशांनी आणि एका संस्थेने केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१०मध्ये हा परिसर शांतता क्षेत्र मानला. पुढे २०१७मध्ये केंद्राने नियमांत दुरुस्ती करून, राज्य सरकारने रीतसर जाहीर केल्याखेरीज कोणतेही ठिकाण शांतता क्षेत्र समजले जाणार नाही असे ठरवले, आणि मुंबईतल्या शांतता क्षेत्रांचा वाद पुन्हा न्यायालयांत गेला. कायद्याचा हा प्रवास महत्त्वाचा आहेच. परंतु त्यातले आकडे सरासरीचे असतात, आणि कट्ट्यावरचा माणूस सरासरी ऐकत नाही. तो हॉर्न ऐकतो. पाच मिनिटे बऱ्यापैकी शांत आणि मग एकदाच कानाशी वाजलेला कर्कश भोंगा, याची सरासरी सभ्य दिसते आणि संभाषण मात्र तुटलेले असते. मुंबई पोलिसांनी २०२० साली काही सिग्नलांवर ध्वनिमापक बसवून, हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याचा प्रयोग केला होता. त्याची चित्रफीत देशभर गाजली. कट्ट्यालगतच्या सिग्नलांना असा प्रयोग कायमचा मिळाला, तर मी या परीक्षणातला बराचसा मजकूर आनंदाने मागे घेईन.

आता सभांविषयी. शिवाजी पार्कच्या आवाजाची चर्चा निघाली की बोट सर्वप्रथम सभांकडे दाखवले जाते. शिवसेनेचा पहिला दसरा मेळावा १९६६ साली इथे झाला, आणि त्यापूर्वी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतल्या सभाही इथेच गाजल्या. सभेच्या दिवशी कर्ण्यांच्या भिंती उभ्या राहतात, नेहमीच्या मंडळींना कट्टा सोडावा लागतो, आसपासच्या घरांत खिडक्या लावून घ्याव्या लागतात; हे सगळे मान्य. तरीही माझ्या मते रोजच्या रहदारीचा आणि वर्षातल्या मोजक्या दिवसांचा आवाज एकाच तराजूत घालणे बरोबर नाही. सभेचा आवाज काही माणसांना उठवतो आणि हजारोंना बोलावतो. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीकडे महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून येणारी माणसे याच मैदानात विसावतात, पुस्तकांच्या दुकानांपुढे रांगा लावतात, भीमगीते ऐकतात. त्या दिवशी मैदानात आवाज असतो म्हणून ते वापराबाहेर गेले असे कोणी म्हणत असेल, तर ‘वापर’ म्हणजे फक्त शेजाऱ्यांचा वापर असे त्याने गृहीत धरलेले असते. गोंगाटाच्या तक्रारीत पुष्कळदा दुसऱ्याच्या येण्याविषयीची नाराजीही मिसळलेली असते, आणि ती वेगळी काढून पाहण्याचा प्रामाणिकपणा आपण रहिवासी मंडळींनी दाखवला पाहिजे. याचा अर्थ रात्री दहानंतर कर्णे चालू द्यावेत असा मुळीच नाही. ती मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली पक्की केली आहे आणि ती सर्वांना सारखी लागू हवी. माझा मुद्दा एवढाच की हॉर्न, कॉम्प्रेसर आणि जनरेटर यांचा आवाज कोणालाही बोलावत नाही.

नव्या उपद्रवांत पुनर्विकास सर्वांत वर आहे. दादर-माहीम पट्ट्यातल्या जुन्या इमारती एकामागून एक पाडून उंच इमारती उभ्या राहत आहेत, आणि त्या काळात पाडकाम, खडक फोडणे आणि काँक्रीटच्या गाड्या यांचा आवाज दुपारच्या शांत वेळेत घुसतो. कामे कधीतरी संपतील, पण मैदानाभोवती उंच भिंतींचे कडे तयार झाले तर आवाजाला विरायला मिळणारी वाट अरुंद होईल, आणि तो तोटा मात्र कायमचा असेल. दुसरा उपद्रव खिशात मावणारा: कानात काही न घालता मोबाइलवर चित्रफिती ऐकणारे सद्गृहस्थ. रहदारीइतका मोठा आवाज त्यांचा नसतो, पण तो अर्धवट कळणारा असतो, म्हणून जास्त छळतो. त्यावर कायदा नको. शेजारच्या आजींनी ‘बाळ, जरा हळू’ म्हटलेले पुरते, असा अनुभव आहे.

तुलनेसाठी मुंबईतल्याच दुसऱ्या दोन जागा घेतो. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्याला लागून शिवाजी पार्कपेक्षा कितीतरी रुंद रस्ता आणि जास्त गाड्या आहेत, तरी तिथे माणसे अधिक वेळ बसलेली दिसतात. एका बाजूला समुद्र मोकळा असल्याने आवाज तिकडे निघून जातो, हे एक कारण. भरतीच्या वेळी लाटांचा आवाज रहदारीला झाकतो, हे दुसरे. न्यूयॉर्कमध्ये १९६७ साली खुल्या झालेल्या पेली पार्क या चिमुकल्या बागेत हेच तत्त्व मुद्दाम वापरले आहे: मागच्या भिंतीवरून कोसळणारे वीस फुटी पाणी स्वतः काही कमी आवाज करत नाही, पण त्या आवाजाखाली शहर बुडून जाते आणि शेजारच्या टेबलावरचे बोलणेही आपल्यापर्यंत येत नाही. फोर्टातल्या हॉर्निमन सर्कलच्या बागेची तऱ्हा आणखी वेगळी. भोवती गोलाकार रस्ता आहे, पण जुनी झाडे दाट आहेत आणि बाके आतल्या बाजूला आहेत. दुपारी तिथे डबा खाणारा कारकून आणि पुस्तक वाचणारा विद्यार्थी दोघांनाही जागा मिळते. तेवढी शांतता शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर दुपारी दोनच्या उन्हात मिळते, पण तेव्हा तिथे बसवत नाही. बोलण्यासाठी म्हणून कट्ट्यावरून उठून एखाद्या वातानुकूलित उपाहारगृहात जाण्याचा ज्यांना मोह होतो, त्यांच्यासाठी एक सूचना: गुळगुळीत फरशी, काच आणि भांड्यांचा खणखणाट यांमुळे तिथे आवाज बहुधा कट्ट्यापेक्षा जास्तच असतो, आणि चहाचे पैसे वेगळे.

शिवाजी पार्कला गुण द्यायचे तर मी एकच आकडा देऊ शकणार नाही. पहाटे साडेपाच ते साडेसातपर्यंत सगळा कट्टा उत्तम आहे. चालणाऱ्यांच्या पावलांचा, व्यायामाच्या आकड्यांचा आणि पक्ष्यांचा आवाज सोडला तर काही नाही, आणि कोणालाही न ओरडता हाक मारता येते. शाळा-कचेऱ्यांची वेळ सुरू झाली की पश्चिम बाजू सोडावी. संध्याकाळी सहा ते साडेआठ गर्दी आणि आवाज दोन्ही शिगेला असतात. त्या वेळी ज्येष्ठांना घेऊन जाणार असाल तर केळुसकर मार्गाकडची, सिग्नलपासून लांबची जागा धरा, आणि त्यांच्या ज्या कानाला चांगले ऐकू येते त्या बाजूला तुम्ही बसा. रात्री नऊनंतर कट्टा पुन्हा बोलण्याजोगा होतो, आणि माझ्या मते तीच त्याची खरी वेळ. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांना आवाजाची चिंता करण्याचे कारण नाही, धुळीची करावी. कोरड्या दिवसांत लाल माती उडते आणि त्या विषयाला स्वतंत्र परीक्षण लागेल.

सुधारणेची एकच मागणी करायची तर ती बाकांची. कट्टा आहे तसाच राहू द्यावा, पण खेळपट्ट्यांना धक्का न लावता, झाडांच्या आतल्या बाजूला, रस्त्यापासून २५-३० मीटर आत थोडी पाठ असलेली बाके समोरासमोर किंवा काटकोनात मांडावीत, म्हणजे बसणाऱ्यांना एकमेकांचे ओठ दिसतील. ऐकू कमी येणारा माणूस निम्मे बोलणे चेहऱ्यावरून समजून घेतो, आणि कट्ट्यावर एका ओळीत बसल्यावर नेमका चेहराच दिसत नाही. बाके पश्चिमेकडे मांडायची असतील तर आणखी आत न्यावी लागतील. केळुसकर मार्गाच्या बाजूला एवढे अंतर पुरेल.